बोलता आले की शिकवता येते म्हणे!

वसुबारसेच्या आदल्या दिवशी मंडईत जाण्याचा माझा जुना परिपाठ आहे. आवळे, कारिटे, पणत्या यांची खरेदी हे आपले निमित्त; खरे काम माणसे भेटण्याचे. पुण्यातले लोक मंडईला थट्टेने विद्यापीठ म्हणतात. मी चौतीस वर्षे एका मराठी शाळेत इंग्रजी शिकवले, तेव्हा मला त्यात थट्टेसारखे काही वाटत नाही.

यंदा त्या आठकोनी मनोऱ्याच्या सावलीत आमच्या जुन्या वाड्यातल्या बिऱ्हाडकरूंचा नातू भेटला. वय सव्वीस, शिक्षण इंजिनिअरिंगचे, खांद्याला कॅमेरा. वाकून नमस्कार केला, म्हणून बरे वाटले. पण ते पाचच मिनिटे टिकले.

"आजोबा, मीही तुमच्यासारखा मास्तर झालो की!" तो म्हणाला. "दोन वर्षे थायलंडमध्ये इंग्रजी शिकवत होतो. सकाळी तीन तास शाळा, मग दिवस मोकळा. समुद्र, फिरणं, फोटो. पैसे संपत आले की आणखी एक सत्र."

"शिकवायला कुठे शिकलास?" मी विचारले.

"त्यात शिकायचं काय? संगणकावर एकशे वीस तासांचा एक कोर्स असतो, तो आटपला. बाकी आपण बोलायचं. मुलं आपोआप उचलतात. माझ्याबरोबर कॅनडाचा एक मुलगा होता, त्याने तर तेवढाही केला नव्हता. त्याला माझ्या दुप्पट पगार!"

हे त्याने हसत सांगितले. दुप्पट पगाराचा त्याला राग नव्हता, आणि ज्या मुलांना इंग्रजी 'आपोआप' उचलावे लागले त्यांच्याबद्दल काही वाटतही नव्हते. मी उत्तर जुळवीत होतो तोवर माझी भाजीवाली, जी गेली वीस वर्षे मला 'मास्तर' म्हणते आणि उधार देत नाही, ती मध्येच बोलली, "मास्तर, जन्मभर वांगी खाल्ली म्हणून कुणाला वांगी विकता येत नाहीत. बसवा त्याला पाटीवर एक दिवस!"

वाचकहो, मला जे पुढे सांगायचे आहे ते या बाईने एका वाक्यात सांगून टाकले. तरीही मी सांगणार, कारण दिवाळीचा फराळ पुढ्यात असला म्हणजे माणसे जरा धीराने ऐकून घेतात.

भाषा येणे निराळे आणि भाषा शिकवता येणे निराळे. हे ज्यांना पटत नसेल त्यांनी एक प्रयोग करावा. घरात कोणी परदेशी पाहुणा आला आणि त्याला मराठी शिकायचे असले, तर त्याला समजावून सांगावे की 'त्याने पोळी खाल्ली' असे म्हणायचे, पण 'त्याने पोळी विसरली' असे म्हणायचे नाही. तिथे 'तो पोळी विसरला'. 'त्याने धडा शिकवला' बरोबर, पण 'त्याने धडा शिकला' चूक. 'तो धडा शिकला'. पाहुणा विचारील, का? तुम्ही म्हणाल, आमच्यात असेच म्हणतात. तुम्ही जन्मल्यापासून मराठी बोलता, एकदाही चुकला नाहीत, आणि तरी पाहुण्याला देण्यासारखे तुमच्याजवळ काही नाही. 'ने' कोणत्या क्रियापदांबरोबर येतो, कोणत्या काळात येतो आणि कोणती क्रियापदे त्याला दाराबाहेर ठेवतात, हे ज्याने मुद्दाम पाहिले आहे त्यालाच ते सांगता येईल.

आता उलट बाजू पाहा. मराठी मुलाला इंग्रजी शिकताना पहिली ठेच लागते ती 'द' या चिमुकल्या शब्दाची. आपल्याकडे तसला शब्दच नाही. लंडनच्या तरुणाला विचारा, 'सन'च्या आधी 'द' का? तो म्हणेल, नाहीतर कानाला बरे लागत नाही. त्याचा कान त्याला लखलाभ; माझ्या वर्गातल्या बुधवार पेठेतल्या मुलाला तो कान कुठून आणून देऊ? त्या मुलाला मी सांगत असे की आपण गोष्ट सांगताना 'एक राजा होता' म्हणतो आणि लगेच पुढे 'त्या राजाला दोन राण्या होत्या' म्हणतो. त्या 'एक'च्या जागी 'अ' आणि 'त्या'च्या जागी 'द'. ऐकणाऱ्याला कोणता राजा ते कळले की 'द'. सूर्य तर एकच, तो सगळ्यांना आधीपासून ठाऊक. एवढ्याने सगळे भागत नाही, पण निम्मी पोरे तरी तरून जातात.

दुसरी ठेच 'पासून'ची. 'मी दोन वर्षांपासून पुण्यात राहतो' याचे मूल सरळ भाषांतर करते, 'आय लिव्ह इन पुणे सिन्स टू इयर्स'. यात एक नव्हे, दोन चुका आहेत, आणि दोन्ही मराठीतून आल्या आहेत. आपला 'पासून' हा 'सिन्स'चेही काम करतो आणि 'फॉर'चेही. शिवाय आपण चालू असलेल्या गोष्टीला साधा वर्तमानकाळ वापरतो, इंग्रज तिथे निराळाच काळ काढतो. ज्याला मराठी येत नाही त्याला ही चूक नुसती दिसते. ती कुठून आली हे दिसत नाही. तो लाल शाईने खोडील आणि पुढे जाईल. मुलगा उद्या पुन्हा तेच लिहील. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने आपल्याकडच्या किती पिढ्या इंग्रजीत आणल्या! त्या पुस्तकाचा सगळा जोर, शिकणाऱ्याची भाषा कोणती आहे हे पक्के ठाऊक असण्यात होता.

यावर एक ठरलेला आक्षेप येतो. उच्चार तरी खरा साहेबाकडूनच शिकावा ना? शिकावा की. पण कोणत्या साहेबाकडून? लंडनच्या, ग्लासगोच्या की टेक्ससच्या? ते तिघे एकत्र बसले तर एकमेकांना दोनदा विचारतील. आणि 'व्हेरी'तला व आणि 'वेल'मधला व हे दोन निराळे आहेत, एकाला वरचे दात खालच्या ओठावर टेकतात आणि दुसऱ्याला ओठांचा चंबू होतो, हे मला कोणा साहेबाने सांगितले नाही. ते एका मराठी मास्तरांनी आरशासमोर उभे करून शिकवले. साहेबाला हा फरक इतका स्वाभाविक की दुसऱ्याला तो ऐकूच येत नाही, हे त्याच्या ध्यानातच येत नाही.

परदेशी माणसाने शिकवू नये असे मी म्हणतो, असा कोणी अर्थ काढील तर तो खोटा आहे. जपान सरकारने १९८७ साली एक योजना काढली. तीत बाहेरदेशचे तरुण पदवीधर शाळेत येतात. पण जपानी शिक्षकाचे मदतनीस म्हणून. वर्ग शिक्षकाचा, आवाज पाहुण्याचा. ही मांडणी शहाणपणाची आहे. माझे भांडण आहे ते पासपोर्ट पाहून मास्तर ठरवण्याशी. दक्षिण कोरियाने इंग्रजी शिकवण्याच्या व्हिसासाठी सात देश निवडले: अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. या सातांतल्या माणसाला कोणत्याही विषयाची पदवी चालते. भारताशी व्यापाराचा करार झाला, तो २०१० साली अमलात आला, तेव्हा आपल्या माणसालाही थोडे दार उघडले. पण त्याच्याकडे इंग्रजीचीच पदवी हवी आणि शिक्षकाचा परवानाही हवा. म्हणजे ज्याने विषयाचा अभ्यास केला, त्यालाच वर परीक्षा! ज्याने नाही केला, त्याला जन्मगावाच्या पुण्याईवर प्रवेश. आपल्या देशात जातीवरून धंदा ठरत असे, त्याला आपण नावे ठेवली. मग याला काय म्हणावे?

माझी एक विद्यार्थिनी आहे. एम.ए., बी.एड., दहा वर्षांचा अनुभव. मुले तिच्या तासाला घंटा झाली तरी उठत नाहीत. पुण्यातल्याच एका मोठ्या फीच्या शाळेत ती मुलाखतीला गेली. मुलाखत चांगली झाली. नंतर तिला सांगण्यात आले की पालकांना 'परदेशी वातावरण' हवे आहे. त्या वर्षी शाळेच्या माहितीपत्रकावर एका गोऱ्या तरुणाचे छायाचित्र होते. तो तीन महिन्यांनी हिमालयात निघून गेला, आणि त्याचा अर्धवट अभ्यासक्रम पुरा करण्यासाठी शाळेने कोणाला बोलावले ते सांगायला नको. तासावारी. ती गेली, कारण घरी दोन मुले आहेत. हे मला सांगताना ती रडली नाही; मलाच चहाचा कप खाली ठेवावा लागला.

गंमत अशी की हे घडते ते कोणत्या गावात! मंडईपासून हाकेच्या अंतरावर भिडे वाड्याची जागा आहे. तिथे १८४८ साली जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी त्या मुलींना शिकवले, आणि त्यांनी शिकवायचे कसे याचेही शिक्षण घेतले होते. तेव्हाच्या अहमदनगरला मिस फॅरार यांच्याकडे. मराठी तर त्यांची जन्मभाषा! मुलींना शिकवायचे ते बहुतेक मराठीतच. तरी त्यांना वाटले नाही की मला बोलता येते तेवढे पुरे. पुढे आचार्य अत्रे कॅम्पातल्या शाळेत शिकवता शिकवता लंडनला गेले आणि १९२८ साली अध्यापनाची पदविका घेऊन आले. अत्र्यांना बोलता येत नव्हते असे म्हणण्याची कोणाची छाती आहे?

आणि ज्यांना परदेशी शिक्षकच हवा, त्यांनी फलटणला जाऊन यावे. मॅक्सीन बर्नसन या अमेरिकन बाई साठाच्या दशकाच्या आरंभी हैदराबादला इंग्रजी शिकवायला आल्या. सत्र संपवून समुद्रावर गेल्या नाहीत. मराठी शिकल्या, फलटणच्या बोलीवर प्रबंध लिहिला, परदेशी लोकांना मराठी शिकवण्याची पुस्तके केली, १९७८ साली भारताच्या नागरिक झाल्या, आणि १९८६ साली फलटणला कमला निंबकर बालभवन ही मराठी शाळा उभी केली. आपल्याच मुलांना मराठी वाचायला कसे शिकवावे हे त्यांनी आपल्याच शिक्षकांना दाखवले. मी त्यांना मास्तर म्हणतो. पासपोर्ट कोणता होता, ते विचारीत नाही.

आता बाहेरच्यांना पुष्कळ बोललो. थोडे घरात बोलू. शिकवणे हे जाता-येता करायचे काम आहे, ही समजूत थायलंडमध्ये निघाली नाही. जून २००० मध्ये, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आले. निर्णयाचे मी स्वागतच केले होते. पण त्याच साली शिक्षणसेवक नावाची सोय निघाली: शिक्षक म्हणून घ्यायचे, तीन वर्षे ठरावीक मानधनावर ठेवायचे. २०२३ साली ते मानधन वाढेपर्यंत प्राथमिक शाळेतल्या शिक्षणसेवकाला महिन्याला सहा हजार रुपये मिळत. कॉलेजात तासिका तत्त्वावर नेमलेले प्राध्यापक तर उन्हाळ्यात प्राध्यापकच नसतात. तास नाही, पैसा नाही. मग आपल्या पोराने परदेशात जाऊन शिकवण्याला पोटापुरते काम मानले, तर तो हे कुठे शिकला? आपल्याकडेच. 'तीस दिवसांत अस्खलित इंग्रजी'च्या पाट्यांखालून तो लहानपणी रोज शाळेत गेला होता. पाटीवाल्याला मी एकदा विचारले होते, एकतिसाव्या दिवशी काय करता? त्याने फीची पावती दाखवली.

तर मी त्या मुलाला हे सगळे मंडईत उभ्या उभ्या सांगितले. गर्दी जमली. एका हमालाने "सर, जरा बाजूला" म्हणून माझ्या भाषणातला सर्वांत जोरकस भाग वाया घालवला. मुलाने मात्र ऐकून घेतले. मग म्हणाला, "आजोबा, ते 'तो पोळी विसरला' तिथे 'ने' का नाही? मला खरंच माहीत नाही."

भाजीवाली म्हणाली, "तेवढं सांगा आणि वांगी न्या. आठवड्यापूर्वीचे चाळीस रुपये राहिलेत." म्हणजे उधार दिले होते तर! मी विसरलो होतो. 'मी' विसरलो होतो. 'मी ने' नव्हे.

भाऊबीज झाली की तो माझ्याकडे येणार आहे. वही आणायला सांगितली आहे, कॅमेरा नको म्हटले आहे. माझ्या त्या विद्यार्थिनीलाही बोलावले आहे. त्याला शिकवण्याचे काम तिचे, आणि तासाचे पैसे तो देणार आहे, कॅनडाच्या दराने.