आजीला ‘उन्हाळी’ लागलीय

आपल्या पिढीला म्हणे कशाचीच लाज नाही. ब्रेकअप, पगार, पाइल्स, सगळं कॅन्टीनमध्ये चहासोबत चालतं. पण ‘आजी, लघवीला जळजळतं का गं?’ हे एकदा विचारून बघा. अडली ना जीभ?

माझ्या आजीने हा विषय एका वाक्यात मिटवला होता. ‘उन्हाळी लागलीय जरा.’ मग धन्याचं पाणी, सब्जा आणि विषय बंद! तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप आणि पाठीत कळा. इन्फेक्शन किडनीपर्यंत चढलं होतं.

यूटीआय म्हणजे मूत्रमार्गाचं इन्फेक्शन. बहुतेक वेळा कारण ई. कोलाय, आपल्याच आतड्यात सुखाने राहणारा जंतू. मेनोपॉजनंतर इस्ट्रोजेन घटतं आणि त्याचं फावतं. आजोबांचं प्रोस्टेट वाढतं, मूत्राशय नीट रिकामं होत नाही. त्यात डायबेटिस असला तर बघायलाच नको. शिवाय एसटीने कुठे जायचं असलं की आज्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत. (रस्त्यातली टॉयलेट्स बघता, त्यांचं चुकतंय असं मला तरी म्हणवत नाही.)

खरी गोम पुढेच आहे. म्हातारं माणूस अचानक असंबद्ध बोलायला लागलं की कुणीतरी छातीठोकपणे सांगतं, ‘यूटीआयच असणार!’ असेलही. पण या वयात कसलाही त्रास नसताना लघवीत जंतू सापडणं अगदी कॉमन आहे आणि त्याला सहसा अँटिबायोटिक लागत नाही. अमेरिकेतल्या इन्फेक्शियस डिसीजेस सोसायटीची २०१९ची गाइडलाइन सांगते की जळजळ, ताप वगैरे काही नसेल तर आधी गोंधळाची इतर कारणं शोधा. शरीरातलं पाणी कमी झालं, सोडियम उतरलं, नवी गोळी सुरू झाली, काहीही असू शकतं. मात्र ‘वय झालंय’ म्हणून सोडून देऊ नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

थोडक्यात, नुसत्या रिपोर्टवर काही ठरत नाही. आग होतेय का, सारखं जावं लागतंय का, ओटीपोटात दुखतंय का, हे आजीच सांगणार. तेही कुणी विचारलं तर! आणि हो, केमिस्टकडून मागच्या वेळचीच स्ट्रिप आणू नका. डॉक्टरांनी कल्चर सांगितलं तर सॅम्पल पहिल्या गोळीच्या आधी द्या. हार्ट किंवा किडनीचा पेशंट असेल, तर ‘भरपूर पाणी पी’ हा सल्लाही त्यांना विचारूनच.