भिजत घोंगडे

वसईच्या होळी भागातल्या एक ताई परवा आम्हाला म्हणाल्या, "पोराच्या जातपडताळणीचं भिजत घोंगडं झालंय बघा!" काम होतही नाही आणि कोणी नाहीही म्हणत नाही, अशा अवस्थेला हा शब्द अगदी नेमका.

घोंगडे म्हणजे मेंढीच्या लोकरीचे, चिंचोक्याची खळ दिलेले जाडेभरडे वस्त्र. लोकर पाणी धरून ठेवते. भिजलेले घोंगडे जड होते, लवकर वाळत नाही. म्हणून रखडलेल्या कामाला त्याचे नाव पडले.

असे एक घोंगडे आपल्या समाजाने पाहिले आहे. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ रोजी झाला. बाबासाहेबांचे नाव लागले १४ जानेवारी १९९४ रोजी! मधली साडेपंधरा वर्षे लाँग मार्च, तुरुंगवास, बलिदाने. हजारो हात लागले तेव्हा ते वाळले.

ओले घोंगडे एकट्याने पिळता येत नाही. आम्ही ताईंना सांगितले, "अर्जाची पोच जपून ठेवा. अर्ज कुठे अडला, ते माहितीच्या अधिकारात लेखी विचारा. ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. एक टोक तुम्ही धरा, दुसरे आम्ही धरतो."