ब्रश मागून बघा

मंडळी, आज एक काम करा. आपला टूथब्रश मागच्या बाजूने बघा. प्लॅस्टिकच्या दोन्ही कडांनी पिंजारलेले केस बाहेर डोकावतायत? मग तो ब्रश संपला. आणि घेऊन जेमतेम महिनाच झाला असेल, तर ब्रशला शिव्या घालू नका. ती तुमच्या हाताच्या जोराची लॉग फाइल आहे.

आपल्याकडे दात म्हणजे पितांबरी लावून घासायचं तांब्याचं भांडं! म्हणून दुकानात जाऊन 'हार्ड' ब्रश मागायचा. अरे, पण काढायचं काय असतं? प्लाक. तो मऊ, चिकट थर, नखानेसुद्धा निघतो. तोच साचून दगड झाला की टार्टर, आणि तो कुठल्याच ब्रशने निघत नाही, डेंटिस्टच लागतो. मग हार्ड ब्रश नक्की कशासाठी? माझ्या मते तो बाथरूमच्या टाइल्ससाठी विकावा.

इनॅमल हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. ते सहजी झिजत नाही. पण रोज करवतीसारखं आडवं घासलं की हिरडी मागे सरकते आणि दाताचं मूळ उघडं पडतं. तिथे इनॅमल नसतं. मग पेस्टमधले खरखरीत कण आपलं काम करतात, हिरडीलगत पाचरीसारखी खाच पडते, आणि गार पाणी प्यायलं तरी कळ मस्तकात जाते. सरकलेली हिरडी आपली आपण जागेवर येत नाही. इथे रोलबॅक नाही!

नायलॉनचे केस आले १९३८ साली. त्याआधी डुकराचे असायचे (शाकाहारी मंडळींनी हे वाक्य सोडून द्यावं). चांगल्या ब्रशात केसाचं टोक गोल केलेलं असतं, ओरखडे पडू नयेत म्हणून. केस पिंजारले की ती टोकं हिरडीच्या कडेला, म्हणजे प्लाक बसतो नेमकं तिथेच, नीट पोचत नाहीत. दात स्वच्छ वाटत नाहीत म्हणून आपण आणखी जोर लावतो. इन्फायनाइट लूप.

अमेरिकन डेंटल असोसिएशन सांगते, तीन-चार महिन्यांनी ब्रश बदला, केस पिंजारले तर आधीच. मऊ ब्रश घ्या, हिरडीकडे ४५ अंशात धरा, हलका हात ठेवा, दोन मिनिटं घासा. बस्स.

आणि जुना ब्रश टाकवत नसेल तर कीबोर्ड झाडायला ठेवा. बाइकच्या चेनलाही चालतो.