ट्रेलर भाड्याने मिळतो, जबाबदारी नाही

अमेरिकेत स्थायिक झालेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने गेल्या वर्षी मला एक प्रश्न विचारला. ओहायो राज्यात त्याचे घर आहे. घराशेजारी मोटार ठेवण्यासाठी २० फूट लांब आणि २० फूट रुंद अशी काँक्रीटची जमीन त्याला स्वतःच्या हातांनी करायची होती. तिकडे भाड्याने अवजारे देणाऱ्या काही दुकानांत कालवलेल्या काँक्रीटने भरलेला ट्रेलर मिळतो. तो आपल्या गाडीमागे जोडायचा, घरी न्यायचा, ओतायचा आणि धुऊन परत करायचा. “सर, दोन मित्र मदतीला येणार आहेत. एका शनिवारी काम उरकेल ना?” असे त्याने विचारले होते.

मी तो प्रश्न अकरावीच्या वर्गात फळ्यावर मांडला आणि मुलांना म्हटले, “याला उत्तर आपण द्यायचे.” एक गोष्ट मात्र आधीच स्पष्ट केली. जमिनीवर ओतलेल्या काँक्रीटच्या थरालाही तिकडे स्लॅबच म्हणतात. आपल्याकडे स्लॅब म्हटले की घराचे छप्पर डोळ्यांपुढे येते. या दोहोंतला फरक आपण विसरायचा नाही.

प्रथम काँक्रीट किती लागेल ते पाहू. थर ४ इंच जाडीचा धरला, तर ४०० चौरस फुटांसाठी सुमारे १३३ घनफूट काँक्रीट लागते. अशा ट्रेलरमध्ये साधारणपणे एक घनयार्ड, म्हणजे २७ घनफूट माल मावतो. म्हणजे एक ट्रेलर ८१ चौरस फूट जागेला पुरतो; ९ फूट लांबरुंद चौकोन झाला की संपला! विद्यार्थ्याच्या जमिनीसाठी पाच खेपा हव्या होत्या. त्याने मनाशी दोन धरल्या होत्या.

आता वजन. २७ घनफूट म्हणजे ०.७६५ घनमीटर. काँक्रीटची घनता दर घनमीटरला सुमारे २४०० किलोग्रॅम असते. गुणाकार केला की १८३६ किलोग्रॅम येतात. ट्रेलरचे स्वतःचे वजन मिळवले, की आकडा अडीच टनांच्या आसपास जातो. ओढणारी गाडी दोन टनांची असेल, तर मागचे ओझे गाडीपेक्षा जड झाले. समजा, ही गाडी एकटी असताना ताशी ५० किलोमीटर वेगावरून ब्रेक दाबल्यावर १४ मीटरमध्ये थांबते. गतिज ऊर्जा वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील आणि ब्रेकचा जोर तेवढाच राहिला, तर तीच गाडी थांबायला सुमारे ३२ मीटर लागतील. वर्गातील एका मुलीने लगेच विचारले, “सर, मधल्या अठरा मीटरमध्ये कोणी रस्ता ओलांडत असेल तर?” याहून चांगला प्रश्न मलाही सुचला नसता.

शिवाय ओझे कुठे आहे हेही महत्त्वाचे. ट्रेलरच्या एकूण वजनाचा निदान दहावा भाग पुढच्या हुकावर यावा लागतो. गुरुत्वमध्य चाकांच्या आसामागे गेला, तर ट्रेलर वेगात असताना डावी-उजवीकडे हेलकावे घेऊ लागतो आणि गाडीलाही खेचतो. ओले काँक्रीट तर चढावर मागे सरकणारे. म्हणून ट्रेलर सावकाश चालवायचा आणि दुकानदाराने सांगितलेल्या खुणेच्या वर भरायचा नाही.

यानंतर घड्याळाचा प्रश्न येतो. काँक्रीट ‘वाळते’ असे आपण सहज म्हणतो, पण ते बरोबर नाही. सिमेंट आणि पाणी यांच्यात रासायनिक अभिक्रिया होते आणि तिच्यामुळे ते घट्ट होते. म्हणूनच काँक्रीट पाण्याखालीही घट्ट होऊ शकते. ही अभिक्रिया पाणी मिसळल्या क्षणी सुरू होते, दुकानाचे फाटक ओलांडल्यावर नव्हे. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले, तर तिचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. तयार काँक्रीट दीड तासाच्या आत ओतावे, असा अमेरिकेतील बांधकामाचा जुना दंडक आहे. काही ट्रेलरांचे पिंप फिरते असते, काही नुसतेच टाकीसारखे असतात. टाकीच्या ट्रेलरमध्ये खाचखळग्यांचे हादरे बसून जड खडी खाली बसते आणि पाणी वर येते. घरी पोहोचेपर्यंत मिश्रण एकसारखे राहिलेले नसते.

विद्यार्थ्याच्या घरापासून दुकान १५ मैलांवर, म्हणजे २४ किलोमीटरवर होते. जाणे-येणे एक तास; भरणे, ओतणे आणि धुणे यांना आणखी एक तास. पाच खेपांना दहा तास! उन्हाळ्याच्या दिवशी दुसरी खेप येईपर्यंत पहिल्या खेपेची कड घट्ट होऊ लागणार. तिच्याशी नवे काँक्रीट एकजीव होत नाही. मध्ये कच्चा सांधा राहतो, आणि भेग पडायची झाली तर ती बहुधा तिथेच पडते.

अशा घाईत माणूस काय करतो? काँक्रीट जड वाटू लागले की पाणी ओततो. १९१८ मध्ये शिकागोच्या लुईस इन्स्टिट्यूटमध्ये काम करणारे डफ अब्रॅम्स यांनी दाखवून दिले, की काँक्रीटची ताकद मुख्यतः पाणी आणि सिमेंट यांच्या वजनांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. हे गुणोत्तर ०.४८ ऐवजी ०.६८ झाले, तर ताकद सुमारे ४० टक्क्यांनी घटते. एका ट्रेलरमध्ये २५६ किलोग्रॅम सिमेंट धरले, तर हा फरक फक्त ५१ लिटर पाण्याचा, म्हणजे साडेतीन बादल्यांचा आहे. जास्तीचे पाणी पुढे उडून जाते आणि मागे सूक्ष्म पोकळ्या ठेवते. त्या दिवशी काम सोपे होते, पुढे वर्षानुवर्षे जमीन कच्ची राहते.

मग असे ट्रेलर सामान्य माणसाला देऊच नयेत काय? माझे मत तसे नाही. स्वतःच्या हाताने काम करण्याची ही रीत मला आवडते. आपल्याकडे शिकलेला माणूस घमेल्याला हात लावत नाही. तिकडचा प्राध्यापकही सुटीच्या दिवशी थापी हातात घेतो, ही गोष्ट शिकण्यासारखी आहे. पण तयार काँक्रीट घरापर्यंत कारखान्याच्या मोठ्या गाडीतून येते, तेव्हा वाटेतला वेळ, वजन आणि पाणी यांचा हिशेब कारखान्याने केलेला असतो. ट्रेलर आपण ओढून नेला की तो सारा हिशेब आपल्याकडे येतो. भाड्याच्या पावतीत त्याचा उल्लेख नसतो. ज्याला हा हिशेब करायचा नाही, त्याने ‘मी स्वतः केले’ असे म्हणू नये.

हे मी उपदेश म्हणून सांगत नाही. पंधरा वर्षांपूर्वी आमच्या घराचा स्लॅब टाकला. मिक्सर यंत्र भाड्याचे होते. मी पदार्थविज्ञानाचा एम.एस्सी.; नारळ फोडला, पेढे वाटले आणि सावलीत बसून चहा घेत राहिलो. यंत्रावरचा माणूस पिंपातून डबे भरभरून पाणी ओतत होता. दुसऱ्या पावसाळ्यात छतातून थेंब पडू लागले. पाणीच जास्त झाले होते, हे मी आज सिद्ध करू शकत नाही, कारण मी मोजलेच नव्हते. भारतीय मानक ४५६ (सन २०००) मध्ये एम २० प्रतीच्या साध्या मिश्रणाला ५० किलोंच्या एका गोणीमागे जास्तीत जास्त ३० लिटर पाणी सांगितले आहे. म्हणजे १५ लिटरच्या दोन बादल्या. वाळूतला ओलावाही त्यातच धरायचा. हे मोजायला एम.एस्सी. लागत नाही. चौथीतला मुलगाही बादल्या मोजू शकतो.

मात्र छपराचा स्लॅब घरच्या घरी टाकण्याच्या भानगडीत कोणी पडू नये. जमिनीवरच्या थराला धरित्री उचलून धरते. छपराचा पाच इंचांचा ओला थर दर चौरस मीटरला ३०० किलोग्रॅम भार सेंटरिंगवर टाकतो. त्याला सळ्यांचे गणित आणि जाणत्या अभियंत्याची देखरेख हवी. घरमालकाने तिथे बादल्या मोजाव्यात, तेवढे पुरे.

आमच्या वर्गाने विद्यार्थ्याला कळवले, की पाच घनयार्डांचे काम ट्रेलरचे नाही. मोटारीच्या जमिनीसाठी त्याने मोठी गाडी मागवली. परसातल्या अवजारांच्या खोलीखाली ८ फुटी चौकोन मात्र त्याने एका ट्रेलरमध्ये, हातमोजे आणि उंच बूट घालून, स्वतः केला. ओले सिमेंट तीव्र अल्कधर्मी असते आणि त्वचा भाजते, हेही मुलांनी त्याला बजावले होते. त्यानंतर सात दिवस त्याने तो थर ओला ठेवला.

शिक्षक मित्रांनो, हा प्रयोग शाळेतही करता येईल. एक भाग सिमेंट आणि तीन भाग वाळू घ्या. सिमेंटच्या वजनाच्या ०.५, ०.६ आणि ०.८ पट पाणी घालून एकसारख्या मापाच्या तीन पट्ट्या साच्यात ओता. हातमोजे घालायला विसरू नका. सात दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवा. मग प्रत्येक पट्टी दोन विटांवर आडवी ठेवून मध्यभागी बादली टांगा आणि पट्टी मोडेपर्यंत बादलीत हळूहळू वाळू घाला. पाय दूर ठेवा. तिन्ही वजने वहीत लिहा, आणि गल्लीत कोणाचा स्लॅब पडणार असेल तेव्हा ती वही घरमालकाला दाखवून या.