मांड्याचा चतकोर

अक्षय्यतृतीया, म्हणजे खानदेशची आखाजी, पुरणाच्या मांड्यांवांचून साजरी होत नाहीं. गेल्या आखाजीस धुळ्यास एका आप्तांकडे खापरावरचे थोरले मांडे घडी न घालतां पाटावर पसरून, प्रत्येकाचे सहा भाग करून पुरुषांच्या व मुलांच्या पंगतीस वाढले गेले. मागें सुनांसाठीं एक लहान मांडा राहिला. त्याचे चार भाग झाले. तेव्हां काका सहज म्हणाले, "आम्हांस सहावा हिस्सा, तुम्हांस चतकोर. अधिक तुमच्याच वांट्यास आलें!" सर्व हंसले. नववींतील नात मात्र हंसली नाहीं. तिनें दोरा आणला.

थोरल्या मांड्याचा व्यास 28 अंगुळें, धाकट्याचा 21. थोरल्याच्या तुकड्याची गोल कड 14⅔ अंगुळें भरली, चतकोराची 16½. "पाहा, कडही त्यांचीच लांब!" काका अधिकच खुलले.

वाचकहो, येथेंच बहुतेक जण फसतात. वर्तुळाच्या अशा पाकळीचें क्षेत्रफळ केवळ कोनावरून किंवा केवळ कडेवरून ठरत नाहीं. पाकळीचे मध्यापासून कडेपर्यंत अगदीं अरुंद काप करावे. प्रत्येक काप जवळजवळ त्रिकोणच होतो: पाया कडेचा तुकडा, उंची त्रिज्या. सर्वांची बेरीज म्हणजे कड गुणिले त्रिज्या, भागिले दोन. नांदगांवच्या गणेश दैवज्ञांनीं 1545 च्या सुमारास लीलावतीवरील टीकेंत हीच युक्ति संपूर्ण वर्तुळास लावली आहे. वर्तुळाच्या दोन अर्धांचे सुईसारखे काप उलगडून एकमेकांच्या फटींत बसविले, कीं आयत होतो. मूळ नियम भास्कराचार्यांचा: परिधि गुणिले व्यासाचा चतुर्थांश. त्यांचा नातू चांगदेव यानें त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिल्याचा 1207 सालचा शिलालेख आपल्याच खानदेशांत, चाळीसगांवाजवळ पाटण येथें आहे. परिधीसाठीं आचार्यांनीं व्यासाची 3927/1250 पट सूक्ष्म व 22/7 पट स्थूल सांगितली. मांड्यास स्थूलच पुरे.

आतां हिशेब पाहा. काकांचा तुकडा: 14⅔ × 14 ÷ 2, म्हणजे 102⅔ चौरस अंगुळें. सुनांचा चतकोर: 16½ × 10½ ÷ 2, म्हणजे 86⅝. कोन मोठा, कडही लांब, तरी सुमारें 16 चौरस अंगुळें उणा! कारण त्रिज्या कोनाशीं एकदां नव्हे, दोनदां गुणली जाते. कड लांबविण्यांत एकदां व उंची देण्यांत पुनः एकदां. (जाडी सारखी धरली आहे. पुरण कमीअधिक असल्यास तो हिशेब सुगरणीनेंच करावा.)

बरोबरीचा वांटा द्यावयाचा तर लहान मांड्यांत 60 ऐवजीं 106⅔ अंशांचा कोन धरावा लागतो. म्हणजे त्याचे फार तर तीन भाग पडतील, आणि प्रत्येक 115½ चौरस अंगुळांचा होईल. काकांनीं कागद दोनदां पाहिला व चष्मा काढून ठेवला. सुना मात्र चार होत्या.