गृहोद्योगाचे पान : ऑनलाइन दुकान मांडण्यापूर्वी

‘व्ही. पी. सोडवून घेणे’ हा शब्दप्रयोग आजच्या तरुण पिढीस ठाऊक असेलच असे नाही. पुस्तक किंवा औषध पत्र टाकून मागवावयाचे, आणि पोस्टमन पुडके घेऊन दारी आला म्हणजे त्याच्या हाती किंमत ठेवून ते सोडवावयाचे, अशी ती पद्धत. टपाल खात्याने ती 1877 मध्ये सुरू केली. बंगळूरच्या फ्लिपकार्ट कंपनीने 2010 मध्ये ‘वस्तू हाती आल्यावर पैसे’ ही सोय दिली, तेव्हा तिचे मोठे कौतुक झाले. परंतु तत्त्व जुनेच होते, आणि त्यातील दुखणेही जुनेच. घेणाऱ्याने पुडके नाकारले की जाण्यायेण्याचे हशील पाठविणाऱ्याच्या माथी.

बंगळूरसारख्या शहरात स्थायिक झालेल्या कितीतरी मराठी कुटुंबांतून मेतकूट, भाजणी, गोडा मसाला यांची थोडीबहुत विक्री घरूनच चालते. ही विक्री ऑनलाइन न्यावी असे आता अनेकींच्या मनात येते. विचार स्तुत्य आहे. मात्र नाव काय ठेवावे, छायाचित्रे कशी काढावीत, या प्रश्नांपूर्वी कागद-पेन्सिल घेऊन बसावे.

समजा, मेतकुटाच्या एका पुड्याची किंमत 200 रुपये ठेवली. जिन्नस, दळण व मेहनत मिळून 90, वेष्टनास 15, पाठवणीस 50, आणि ऑनलाइन बाजाराचे कमिशन वगैरे 15 रुपये. शिल्लक उरली 30. आता एक पुडा परत आला असे धरा. पाठवणीचे 50 आणि परतीचे 50 गेले, वेष्टन वाया गेले, आणि खाण्याचा पदार्थ पुन्हा विकता येत नाही म्हणून तेही 90 बुडाले. एकूण 205 रुपये. म्हणजे सात पुड्यांची कमाई एका पुड्याने खाल्ली. दहांपैकी एक परत आला तर नऊ पुड्यांचे 270 मिळून हाती 65 रुपये राहतात, आणि दहांपैकी दोन परत आले तर 170 रुपये पदरचे जातात. हा भार काही बाजारांत विक्रेत्यावर पूर्ण पडतो, काहींत अंशतः. करारातील ते कलम आधी वाचावे, बाकीची मागाहून वाचली तरी चालेल.

यावर साधा उपाय असा की, आरंभी ओळखीच्या गिऱ्हाइकांकडून पैसे आगाऊ घेऊनच माल पाठवावा. यूपीआयची सोय 2016 पासून झाल्याने हे आता अवघड राहिलेले नाही. आपला माल परगावी शाबूत पोचतो, वास उडत नाही, पुडा फुटत नाही, एवढी खात्री महिना दोन महिन्यांत होते. मगच मोठ्या बाजाराच्या वाटेस जावे.

खेळणी व लाकडी वस्तू विकणाऱ्यांची अडचण निराळी. बंगळूरपासून सुमारे 60 किलोमीटरवरील चन्नपट्टणची लाखेच्या रंगाची खेळणी घ्या, किंवा आपल्या सावंतवाडीची. माल नासत नाही, पण जागा व्यापतो. बहुतेक कुरिअर कंपन्या वजनाबरोबर आकारही मोजतात. लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकारास 5000 ने भागतात, आणि येणारे किलो प्रत्यक्ष वजनापेक्षा अधिक असतील तर त्यावर आकार लावतात. 30 बाय 20 बाय 20 चा खोका असा 2.4 किलोचा ठरतो, मग आत अर्ध्या किलोचे खेळणे का असेना. खोका निवडणे हेच तेथे अर्धे व्यापारकौशल्य आहे.

फ्लिपकार्टची सुरुवात 2007 मध्ये बंगळुरातच दोन मित्रांनी पुस्तके विकून केली. पहिली मागणी आंध्रातील (आता तेलंगणातील) मेहबूबनगरहून आली, आणि पानावर नाव असलेले ते पुस्तक जवळ नसल्याने त्यांना शहरातील दुकाने पालथी घालावी लागली, असे सांगतात. तरुणांना ते शोभून गेले. जिला संध्याकाळचा स्वयंपाक आटोपून पुडे भरावयाचे आहेत, तिने घरात असेल तेवढाच माल पानावर दाखवावा.

आता कायद्याचा भाग. खाद्यपदार्थास अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी हवीच, आणि तिचा क्रमांक पुड्यावर छापला पाहिजे. त्याशिवाय निव्वळ वजन, करांसह किंमत, तयार केल्याचा महिना व वर्ष, करणाऱ्याचे नाव व पत्ता हेही हवे. घरचा पत्ता असा सर्वांसमोर जाणार, याचा कुटुंबात आधी विचार व्हावा. लघुउद्योगाची ‘उद्यम’ नोंदणी 2020 पासून विनामूल्य आहे. ती करून देतो म्हणून कोणी पैसे मागितल्यास सरळ नकार द्यावा.

जीएसटीचा नियम मात्र नीट समजून घ्यावा. पूर्वी ऑनलाइन बाजारातून करपात्र माल विकणाऱ्यास उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी सक्तीची होती. 1 ऑक्टोबर 2023 पासून ठराविक मर्यादेखालील विक्रेत्यास ती माफ झाली. महाराष्ट्र व कर्नाटकात मालासाठी ही मर्यादा वर्षास 40 लाख रुपयांची आहे. पण सवलत राज्यांतर्गत विक्रीपुरतीच. बंगळूरची भगिनी अशा बाजारातून निपाणीस मेतकूट पाठवू शकेल, निपाणीच्या शेजारच्या कागलला नाही! मराठी गिऱ्हाईक सीमेपलीकडेच अधिक असल्याने आपल्या लोकांस ही अट विशेष जाचते. ती शिथिल व्हावी असे आमचे मत आहे, परंतु तोवर नोंदणीचा खर्च व दरमहा वा दर तिमाहीच्या विवरणपत्रांचा व्याप हिशेबात धरणे भाग आहे.

एकाच बड्या बाजारावर विसंबून राहावे लागू नये म्हणून केंद्र शासनाच्या पुढाकाराने डिसेंबर 2021 मध्ये ओएनडीसी ही ना-नफा कंपनी स्थापन झाली. विक्रेत्याने एका ॲपवर माल मांडावा आणि गिऱ्हाइकाने भलत्याच ॲपवरून तो घ्यावा, अशी तिची रचना. 30 सप्टेंबर 2022 रोजी बंगळुरातील 16 पिनकोडांच्या भागांत ती प्रथम जनतेस खुली झाली. कल्पना उत्तम आहे, तथापि माल पोचविणे व परत घेणे यांचा खर्च तिनेही नाहीसा होत नाही.

शेवटी बँकेच्या खात्याविषयी. जुलै 2025 मध्ये कर्नाटकच्या वाणिज्य कर खात्याने यूपीआयच्या आकड्यांवरून हजारो लहान दुकानदारांस नोटिसा धाडल्या. बंगळुरात भाजी, दूध, चहा विकणाऱ्यांनी क्यूआरचे फलक उतरवून ‘फक्त रोख’ अशा पाट्या लावल्या. पुढे मुख्यमंत्र्यांनी जुनी बाकी वसूल न करण्याचे जाहीर केले तेव्हा वादळ शमले. त्या काळात अनेकांची अडचण अशी झाली की भावाने पाठविलेले उसने पैसे, भिशीची रक्कम आणि दुकानाची विक्री एकाच खात्यात जमा होत होती, आणि कोणते काय हे सांगता येईना. पहिला पुडा पाठविण्यापूर्वी धंद्याचे खाते वेगळे उघडावे, आणि एका वहीत तारीख, गाव, रक्कम व परत आलेला माल असे चार रकाने आखावेत. पुड्यावरील लेबल कसे असावे याचा नमुना पुढील अंकी देऊ.