उंची राखली, वेग गमावला

१६ ऑगस्ट २००५ च्या पहाटे पनामाहून मार्टिनिककडे निघालेले वेस्ट कॅरिबियन एअरवेजचे एमडी-८२ विमान व्हेनेझुएलातील माचीकेस गावाजवळ कोसळले. १५२ प्रवासी आणि आठ कर्मचारी असे १६० जण त्यात होते. एकही वाचला नाही. प्रवासी मार्टिनिक या फ्रेंच बेटावरचे, पनामाची सहल आटोपून घरी परतणारे. दोन्ही इंजिने बंद पडल्याचे वैमानिकांनी शेवटच्या मिनिटांत नियंत्रण कक्षाला कळवले होते, त्यामुळे संशय साहजिकच इंजिनांवर गेला. अवशेषांच्या तपासणीत मात्र दोन्ही इंजिने जमिनीवर आदळेपर्यंत वेगाने फिरत असल्याचे आढळले. मग चांगले चालणारे विमान ३३ हजार फुटांवरून साडेतीन मिनिटांत खाली आले कसे?

याचे उत्तर त्या उंचीवरील हवेत आहे. ३३ हजार फुटांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम एक तृतीयांश उरते. प्रतिरोध कमी झाल्याने इंधन वाचते, म्हणूनच विमान कंपन्यांना उंची प्रिय असते. परंतु विरळ हवेत पंखांना भार पेलण्यासाठी अधिक वेग लागतो आणि त्याच वेळी इंजिनांची ताकद घटलेली असते. शिवाय वेग वाढवायलाही वरून मर्यादा आहे. ध्वनीच्या वेगाच्या फार जवळ गेल्यास पंखांवरील हवेचा प्रवाह बिघडतो. जितके वर जावे तितक्या या दोन्ही मर्यादा एकमेकींजवळ येतात. त्या जिथे भिडतात त्या जागेला वैमानिकांच्या बोलीत ‘कॉफिन कॉर्नर’, म्हणजे शवपेटीचा कोपरा म्हणतात. प्रवासी विमाने त्या टोकापर्यंत जात नाहीत, हे खरे. तथापि, विमान जड असेल, बाहेरची हवा नेहमीपेक्षा उबदार असेल, तर हाताशी असलेली शिल्लक पाहता पाहता आटते.

माचीकेसच्या अपघातात नेमके हेच घडले. ३१ हजार फुटांवरून विमान ३३ हजारांवर नेण्यात आले. पुढे वादळी ढग होते, त्यामुळे बर्फ साचू नये म्हणून बर्फरोधक यंत्रणा चालू केलेली होती. ही यंत्रणा इंजिनांतीलच गरम हवा वापरते. साहजिकच इंजिनांचा रेटा तितका कमी होतो. त्या वजनाला, यंत्रणा चालू ठेवून, ती उंची टिकवणे विमानाच्या आवाक्याबाहेरचे होते. वेग हळूहळू घसरू लागला. ऑटोपायलटला मात्र उंची राखण्याचे काम दिलेले होते आणि ते त्याने इमानेइतबारे केले. वेग घटला की पंखांची उचल कमी पडते. ती भरून काढण्यासाठी तो विमानाचे नाक थोडे थोडे वर उचलत राहिला. नाक वर गेले की प्रतिरोध वाढतो, प्रतिरोध वाढला की वेग आणखी घटतो. उंचीदर्शकाचा काटा जागचा हलत नव्हता, हीच यातली खरी मेख. काही बिनसले आहे, असे वाटण्याजोगे काहीच दिसत नव्हते.

अखेर पंखांवरील हवेचा प्रवाह तुटला. विमान ‘स्टॉल’ झाले. विस्कळीत हवा मागील बाजूस बसवलेल्या इंजिनांत शिरून त्यांचाही रेटा कोसळला आणि मुख्य वैमानिकाने त्याचा अर्थ इंजिने बंद पडली, असा लावला. हा स्टॉल आहे, हे सहवैमानिकाने ओळखले होते, तसे तो बोललाही. पण कुणी ऐकले नाही. नाक खाली करून वेग घेणे हा एकमेव उपाय असताना ते जमिनीपर्यंत वरच ओढून धरलेले होते. विमान कंपनी त्या काळात आर्थिक ओढगस्तीत होती, ही बाबही इथे नोंदवायला हवी. तरी एवढ्यावर विषय संपवणे सोयीचे असले तरी बरोबर नाही. ऑटोपायलट चालू असताना वेग असा नकळत घटू शकतो, याबाबत बोइंगने या विमानप्रकारासाठी २००२ मध्येच सूचनापत्र काढले होते. कागद निघाला होता. तो कॉकपिटपर्यंत मुरला नाही.

या निष्कर्षाला पुढच्या घटनांनी दुर्दैवाने बळच दिले. १ जून २००९ रोजी एअर फ्रान्सचे एअरबस ए-३३० अटलांटिकवर असताना वेगमापक नळ्यांत बर्फ अडकला, ऑटोपायलट सुटला आणि वैमानिकाने नाक वर ओढले. विमान ३८ हजार फुटांपर्यंत चढले, स्टॉल झाले आणि २२८ जणांसह समुद्रात कोसळले. ही कंपनी ना डबघाईला आलेली होती, ना तिचे विमान जुनाट होते. २४ जुलै २०१४ रोजी तर मालीमध्ये माचीकेसचीच पुनरावृत्ती झाली. एअर अल्जेरीसाठी उडणारे स्विफ्टएअरचे एमडी-८३ विमान ३१ हजार फुटांवर असताना इंजिनांतील दाबमापकांत बर्फ साचल्याने स्वयंचलित यंत्रणेने रेटा कमी केला. ऑटोपायलट उंची राखत राहिला, वेग गेला, ११६ जण ठार झाले. माचीकेसला बर्फरोधक यंत्रणेने इंजिनांची शक्ती खाल्ली, तर मालीत ती चालूच केलेली नव्हती. दोन्हीकडे पुढचा घटनाक्रम जवळपास तोच.

तेव्हा केवळ वैमानिकांच्या माथी दोष मारून चालणार नाही. स्टॉलमधून सुटण्याचा सराव त्यांना वर्षानुवर्षे कमी उंचीवरचा दिला गेला. त्यात शक्ती पूर्ण द्यायची आणि उंची शक्य तितकी कमी गमवायची, असा दंडक असे. गुणही त्यावरच मिळत. जमिनीलगत तो समजण्यासारखा आहे. ३५ हजार फुटांवर मात्र तोच घातक ठरतो, कारण तिथे द्यायला जादा शक्तीच शिल्लक नसते. हजारो फूट उंची खर्ची घालूनच वेग परत मिळवावा लागतो. ज्याला आयुष्यभर उंची जपायला शिकवले, तो रात्रीच्या अंधारात, धोक्याच्या घंटा वाजत असताना, काही सेकंदांत ती सोडून देईल, ही अपेक्षाच अवाजवी होती. सिम्युलेटरही पूर्ण स्टॉल झालेल्या विमानाचे वागणे हुबेहूब दाखवू शकत नव्हते.

अमेरिकेच्या हवाई वाहतूक प्रशासनाने २०१२ मध्ये उंची वाचवण्याचा हा निकष बाजूला सारून आधी नाक खाली करण्याला प्राधान्य दिले. २०१३ च्या नियमाने पूर्ण स्टॉलचा सराव विमान कंपन्यांना बंधनकारक केला, पण सिम्युलेटरमध्ये त्यासाठी सुधारणा करायच्या असल्याने मार्च २०१९ पर्यंत मुदत दिली. माचीकेसच्या अपघाताला तोवर साडेतेरा वर्षे उलटून गेली होती.